पऱ्हाटीची भिंत

पौष सरत आला की बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कपाशीच्या रानात शेवटची वेचणी उरकते आणि मागे उरते ती वाळलेली पऱ्हाटी. ती उपटायची, बांधावर रचायची, लागेल तेवढी जळणाला घरी न्यायची आणि बाकीची पेटवून द्यायची, हा इथला ठरलेला क्रम. एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. तुरीची मळणी झाली की तुराट्यांचे ढीग त्यात भर घालतात. घरोघरी गॅस आल्यापासून चुलीला लागणारे जळण कमी झाले आहे. पऱ्हाटी बांधावर पडू द्यावी, तर तेही परवडत नाही. उरल्यासुरल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. म्हणूनच कृषी विभाग दरवर्षी बजावतो की, फरदड म्हणजे लांबवलेले पीक घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कपाशी मोडा आणि पऱ्हाटीची विल्हेवाट लावा.

विल्हेवाट म्हणजे बहुतेक ठिकाणी काडी ओढणे. पण याच पऱ्हाटीने आणि तुराटीने मराठवाड्यातल्या गरिबाला पिढ्यान्‌पिढ्या भिंत दिली आहे. तुराट्या उभ्या-आडव्या गुंफायच्या, दोन्ही अंगांनी शेणामातीचा लेप द्यायचा, की कूड तयार. हलका, स्वस्त, घरच्या घरी दुरुस्त होणारा. त्याला वाळवी लागायची, दर पावसाळ्यानंतर लिंपावा लागायचा आणि आगीची धास्ती कायम असायची. परिस्थिती सुधारली की माणसे कूड मोडून दगडाची नाहीतर विटांची भिंत घालत. ती भिंत टिकली, पण तिचे वजन किती असते याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. तो एका रात्रीत मांडला गेला.

भिंतीचे वजन

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि लातूर-उस्मानाबाद भागातली गावे उशिरा झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी नोंदींनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली आणि बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. जगात या तीव्रतेचे धक्के अनेकदा बसतात आणि प्रत्येक वेळी एवढा संहार होत नाही. शिवाय त्या काळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

माणसे मेली ती घरांच्या वजनाखाली. मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवद. काळ्या दगडाच्या दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड भिंती, वर लाकडी खण, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर काही वर्षांनी गळती थांबवायला त्यावर आणखी माती पडायची. भिंतही आरपार एकसंध नसे. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर आणि मध्ये लहान दगडमातीची भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड अनेक भिंतींत नव्हतेच. जमीन हलली तेव्हा दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि माती पेललेले छप्पर झोपलेल्या माणसांवर आले.

भूकंपाचा नियम साधा आहे. जमीन हलते तेव्हा भिंतीवर येणारा जोर भिंतीच्या वजनाच्या प्रमाणात असतो. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एकच भिंत घेतली, तर दोन फूट जाडीच्या दगडी बांधकामात तिचे वजन बारा टनांच्या आसपास भरते. नऊ इंची विटांच्या भिंतीत ते चार टनांवर येते. वनस्पतीच्या काड्या आणि खनिज बांधणी यांची सहा इंच जाडीची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट सव्वा टनाच्या आत बसते. अशी भिंत पडली तरी तिच्याखालून माणूस जिवंत निघण्याची शक्यता कितीतरी जास्त.

किल्लारीनंतर लोकांनी आपल्या परीने हाच निष्कर्ष काढला. कित्येक कुटुंबे पक्के घर शेजारी उभे असताना महिनोन्‌महिने पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. पुढे मराठवाडाभर पत्रा पसरला. आज आष्टी, कडा, धामणगाव या भागांत फिरताना माळवदांपेक्षा पत्राच जास्त दिसतो. पत्रा हलका आहे, एका दिवसात उभा राहतो आणि विकताही येतो. पण चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांवर गेला की दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. म्हातारी माणसे लिंबाखाली बाज टाकतात आणि लेकरांना निजवायला जागा उरत नाही. जड दगडी भिंत उष्णता स्वतःत साठवून घर थंड ठेवत असे. पातळ पत्र्याला ना वजन, ना अडवण्याची ताकद.

म्हणजे आष्टीसारख्या मुलखाला अशी भिंत हवी, जी पत्र्याइतकी निर्धोक आणि माळवदाइतकी थंड असेल. हलक्या पदार्थात हे गुण एकत्र येतात, कारण त्याच्या पोटात हवा अडकलेली असते. काड्यांच्या हलक्या भिंतीची उष्णता वाहून नेण्याची क्षमता विटेच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी असते. चार इंच जाडीची अशी भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा सुमारे तिप्पट उष्णता अडवते. प्रश्न उरतो तो या काड्या कशाने जोडायच्या, हा.

वेरूळचा गिलावा, माटुंग्याची फळी

वनस्पती भिंतीत मिसळली तर ती कुजेल, हा आक्षेप पहिल्या झटक्यात येतो. त्याला सर्वांत जुने उत्तर मराठवाड्यातच आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी तपासले. त्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या गिलाव्यात भांगेचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते आणि नमुन्यांत किडीचा उपद्रव दिसला नाही. सुमारे दीड हजार वर्षे तो गिलावा खडकाला धरून आहे. लेण्याच्या आत, पावसापासून दूर, खनिजाच्या कवचात बसलेली काडी एवढा काळ टिकते, हे त्यातून सिद्ध होते.

आधुनिक काळातला प्रयत्न कापसाशी थेट जोडलेला आहे. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून काम करणारी केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था पऱ्हाटीवर बरीच वर्षे संशोधन करत आली आहे. पऱ्हाटीची रासायनिक घडण कठीण लाकडाशी जुळते, हे लक्षात घेऊन संस्थेने तिचा भुसा करून दाबलेल्या फळ्या बनवल्या. दारे, फर्निचर, पार्टिशन यांना त्या चालतात. पण त्यांना लागणारा राळेचा डिंक कारखान्यात, दाबाखाली आणि उष्णतेत बसतो, आणि तो डिंक जळतो.

नागपूरच्या विश्वेश्वरैया राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दुसरी वाट घेतली. पुठ्ठा-कागद कारखान्यातला गाळ आणि सूतगिरणीतला वाया जाणारा कापूस यांत थोडे सिमेंट घालून त्यांनी हलक्या विटा केल्या आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. आयआयटी हैदराबादच्या आवारात २०२१ मध्ये उसाच्या चिपाडाच्या आणि चुन्याच्या विटांची रखवालदाराची खोली उभी राहिली. फ्रान्समध्ये भांगेच्या काडीचे तुकडे चुन्यात कालवून घरे बांधण्याची पद्धत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रुळली आहे.

या सगळ्यांत एक अडचण पुन्हा पुन्हा येते. वनस्पतीत साखर असते आणि साखर सिमेंटची वैरीण आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखर गेली तरी ते घट्ट व्हायला कित्येक तास उशीर होतो. चिपाड, कडबा, पऱ्हाटी यांतून पाण्यात उतरणारी साखर आणि टॅनिन काडीच्या भोवतीचे सिमेंट कच्चेच ठेवतात. शिवाय सिमेंटचे पाणी इतके अल्कलीयुक्त असते की काडीतला तंतू वर्षागणिक त्यात ठिसूळ होतो. चुना सौम्य वाटला तरी तोही तितकाच तीव्र असतो, आणि वर तो हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे भिंत वाळायला महिने लागतात. काडीशी पटणारी, लवकर घट्ट होणारी आणि न जळणारी बांधणी शोधता शोधता माणूस मॅग्नेशियापर्यंत पोचतो.

मॅग्नेशियाची बांधणी

१८६७ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ स्टॅनिस्लास सोरेल यांनी एक नवे सिमेंट जगापुढे ठेवले. पांढऱ्या मॅग्नेशियाची म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी मॅग्नेशियम क्लोराईडच्या दाट द्रावणात कालवली की काही तासांत ती दगडासारखी घट्ट होते. पाच भाग ऑक्साईड, एक भाग क्लोराईड आणि तेरा भाग पाणी यांच्या रेणूंतून सुयांसारखे बारीक स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. काडीच्या खडबडीत अंगावर या सुया चांगल्या रुजतात. द्रावणाचा अल्कलीपणा सिमेंटच्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे काडी ठिसूळ होत नाही आणि साखरेचा अडथळाही कमी होतो. आग लागली तर स्फटिकांत बांधलेले पाणी बाहेर पडते आणि उष्णता शोषून घेते. कूड पेटायचा, मॅग्नेशियाने बांधलेली भिंत पेटत नाही.

युरोपने हे लवकर ओळखले. लाकडाचा भुसा सोरेलच्या सिमेंटमध्ये कालवून जर्मनीत सलग, सांधे नसलेल्या जमिनी घातल्या जाऊ लागल्या. जहाजांच्या डेकवरही हाच थर बसला. ऑस्ट्रियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडाच्या लांब कुरळ्या तासण्या मॅग्नेशियाने बांधून छताच्या आणि भिंतीच्या पाट्या बनवण्याची युक्ती निघाली. राडेंटाइनच्या मॅग्नेसाइट खाणींच्या आधाराने तो उद्योग वाढला आणि त्या पाट्या युरोपात आजही विकल्या जातात. त्यांत क्लोराईडऐवजी मॅग्नेशियम सल्फेट वापरतात, हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

भारतालाही हा पदार्थ परका नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६५७ आणि आयएस ६५८ या संहिता मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराईडच्या जमिनीसाठी कोणता माल घ्यावा आणि ती कशी घालावी, हे सांगतात.

कच्चा माल मिळतो दोन टोकांना. तमिळनाडूत सेलमजवळच्या पांढऱ्या टेकड्यांमध्ये मॅग्नेसाइट आहे. त्यातला बहुतेक दगड पोलादाच्या भट्ट्यांच्या विटांसाठी जातो आणि तो दीड हजार अंशांहून जास्त तापमानात भाजतात. भिंतीसाठी उलट पाहिजे. सातशे ते हजार अंशांच्या दरम्यान हलका भाजलेला मॅग्नेशियाच पाण्याशी आणि क्षाराशी झटपट संयोग पावतो. जास्त भाजला की तो निष्क्रिय होतो. दुसरे टोक कच्छच्या छोट्या रणात, खाराघोड्याला. आगरातल्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी मागे उरते, त्यात मॅग्नेशियमचे क्षार दाटून येतात. त्या पाण्यातून तिथे मॅग्नेशियम क्लोराईड तयार होते. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था, जी १९५४ पासून काम करते, तिथे या कडू पाण्यातून मॅग्नेशियम संयुगे मिळवण्यावर बरेच काम झाले आहे.

या क्षाराचे मुंबईशी आणि कापसाशी जुने नाते आहे. गिरणगावात सुताला खळ लावताना खळीत मॅग्नेशियम क्लोराईड मिसळत. हा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे सूत सुकत नाही आणि मागावर तुटत नाही. हवेत केवळ ३३ टक्के सापेक्ष आर्द्रता असली तरी मोकळे मॅग्नेशियम क्लोराईड पाणी शोषून विरघळू लागते. मागावरच्या सुताला जो गुण वरदान होता, तोच भिंतीत घातक ठरू शकतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर मॅग्नेशियाचे अर्धे तंत्र कळले असे म्हणता येते.

एका ठोकळ्याची घडण

पऱ्हाटीचा ठोकळा कसा घडतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याला लागणारे पहिले यंत्र आष्टीच्या गोठ्यागोठ्यात आहे: कडबा कुट्टी. वाळलेली पऱ्हाटी त्यातून काढली की अर्धा ते दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे तुकडे पडतात. हाताने दोन-तीन तुकडे मोडून पाहिले, तर पऱ्हाटीचे तीन भाग वेगळे दिसतात. वरची चिवट साल, जिचे दोरे निघतात. मधले कठीण लाकूड. आणि आतले पांढरे, मऊ भेंड, जे पाणी झपकन पिते. साल आणि लाकूड ठोकळ्याला बळ देतात, भेंड त्याला हलकेपणा देते. धूळ आणि अगदी बारीक भुसा मात्र चाळून टाकावा लागतो, कारण तो बांधणी खातो आणि ताकद देत नाही. मोठ्या चाळणीवर दोन माणसे हे काम सहज करतात.

मग येते मीठपाणी. मॅग्नेशियम क्लोराईडचे खडे पाण्यात विरघळवून द्रावण एक रात्र ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी वरची निवळ ओतून घ्यायची. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२ च्या आसपास असावे लागते. काचेचा तरंगकाटा, जो बॅटरीवाल्याकडेही असतो, द्रावणात सोडला की ते लगेच समजते. पातळ झाले तर ठोकळा ठिसूळ निघतो, दाट झाले तर मोकळा क्षार उरतो आणि तो पुढे पावसाळ्यात घाम आणतो. द्रावण आधी काड्यांवर शिंपडायचे आणि त्या ओलसर झाल्यावर मॅग्नेशियाची भुकटी भुरभुरायची, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर पातळ पांढरे कवच बसते. हे मिश्रण ओल्या पोह्यांसारखे सुटसुटीत दिसले पाहिजे. घमेल्यात पाणी साचले तर प्रमाण चुकले.

साच्यात भरताना ते धुमसून ठोकायचे नसते. हलके दाबायचे, कारण काड्यांमधली हवा हाच या भिंतीचा खरा माल आहे. काही तासांत साचा हाताला कोमट लागतो. मॅग्नेशिया घट्ट होताना उष्णता सोडतो, त्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी साचा काढता येतो आणि सावलीत दोन-तीन आठवडे ठेवल्यावर ठोकळा बांधकामाला तयार होतो. पाणी मारत बसावे लागत नाही, उलट मारूच नये. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या तालुक्यात ही बारीकशी गोष्ट मोठी आहे. सिमेंटच्या बांधकामाला क्युरिंगसाठी दिवसचे दिवस पाणी लागते आणि आष्टीत ते अनेकदा विकत घ्यावे लागते.

तयार ठोकळ्याचे वजन घनमीटरमागे चारशे ते सहाशे किलोंच्या पट्ट्यात येते. भाजलेल्या विटेचे त्याच्या तिप्पट-चौपट असते. या हलकेपणाची किंमत ताकदीत चुकवावी लागते. ही भिंत छताचा भार पेलणारी नाही. भार लाकडी, बांबूच्या किंवा लोखंडी सांगाड्याने पेलायचा आणि भिंतीने मधली जागा भरायची, असेच तिचे काम असते.

डेन्मार्कच्या रडणाऱ्या पाट्या

मॅग्नेशियाचे गुण सांगताना डेन्मार्कची कथा टाळता येत नाही. २०१० ते २०१५ या काळात तिथल्या हजारो घरांच्या बाहेरच्या भिंतींत वारा अडवण्यासाठी मॅग्नेशियाच्या पातळ पाट्या बसवल्या गेल्या. त्या प्रामुख्याने चीनहून आलेल्या, स्वस्त आणि अग्निरोधक होत्या. डेन्मार्कचा हिवाळा ओला असतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ८५ टक्क्यांच्या वर राहिली की या पाट्या ओलावा ओढायच्या आणि त्यांच्या अंगावर खारट पाण्याचे थेंब जमायचे. ते थेंब ओघळून खालच्या लाकडाला भिजवत, स्क्रू आणि कोपरपट्ट्या गंजवत आणि बुरशीला जागा करून देत. डॅनिश लोक त्यांना रडणाऱ्या पाट्या म्हणू लागले. २०१५ मध्ये तिथल्या इमारत-दोष निधीने बाहेरच्या भिंतींत त्या वापरू नयेत असा इशारा दिला आणि पुढची कित्येक वर्षे त्या उपसण्यात गेली.

या अनुभवातून चार पथ्ये निघतात आणि ती आष्टीलाही लागू पडतात.

एक, क्लोराईड मोजूनमापून वापरायचे. मॅग्नेशिया पुरेसा असेल तर सगळा क्षार स्फटिकांत बांधला जातो. मोकळा क्षार उरला तर आष्टीच्या कोरड्या डिसेंबरातही तो ओलावा ओढेल, मग श्रावणाची गोष्टच सोडा.

दोन, या भिंतीत उघडे लोखंड नको. क्लोराईड सळईला आणि खिळ्याला झपाट्याने गंजवते आणि जस्ताचा मुलामाही फार काळ तग धरत नाही. लोखंडी सांगाडा वापरायचा असेल तर तो भिंतीपासून वेगळा राखायचा. बांबू किंवा लाकूड असेल तर प्रश्नच मिटतो. सिमेंट काँक्रीटच्या सळया असलेल्या भागाशी या मिश्रणाचा संबंध येऊ द्यायचा नाही.

तीन, पाऊस थेट अंगावर नको. सोरेलचे सिमेंट ओल्या फडक्याने पुसले तर काही होत नाही, पण सतत पाण्यात राहिले तर त्यातला क्षार धुऊन जातो आणि उरतो तो मऊ मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड. मिश्रणात थोडे फॉस्फेट घातल्याने पाण्याला टिकण्याची ताकद बरीच वाढते, हे प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तरी दगडी जोते किमान दोन फूट उंच, छपराचा बाहेर आलेला भाग मोठा आणि बाहेरून चुन्याचा गिलावा, ही जुनी काळजी सुटत नाही.

चार, जिथे जमेल तिथे ऑस्ट्रियाच्या पाट्यांप्रमाणे सल्फेटची बांधणी वापरायची. ती किंचित हळू घट्ट होते आणि थोडी कमी ताकदीची असते, पण घाम आणत नाही आणि लोखंडाला फारसे छळत नाही. मॅग्नेशियम सल्फेट शेतकऱ्याला चांगले ओळखीचे आहे. कपाशीची पाने लाल पडू लागली की कृषी सेवा केंद्रातून तेच आणून फवारतात.

पर्यावरणाचा हिशेबही चोख मांडला पाहिजे, कारण या पदार्थांविषयी फार गोड बोलले जाते. मॅग्नेसाइट भाजून एक टन मॅग्नेशिया मिळवताना दगडातूनच सुमारे १.१ टन कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो आणि इंधनाचा वेगळा. टनामागे पाहिले तर हे सिमेंटपेक्षा कमी नाही. जमेची बाजू वनस्पतीत आहे. एक टन वाळलेल्या पऱ्हाटीने वाढताना हवेतून दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साईड ओढलेला असतो. बांधावर जाळली की तो त्याच दिवशी परत हवेत जातो. भिंतीत बसवली की घर उभे असेपर्यंत तो अडकून राहतो. पऱ्हाटी आणि मॅग्नेशिया समान वजनाने घेतले तर दोन्ही पारडी जवळपास बरोबरीत येतात. पऱ्हाटीचा वाटा जितका वाढवता येईल तितका फायदा जास्त. शिवाय विटांच्या भट्टीला लागणारी सुपीक गाळाची माती वाचते, आणि सीना-मेहकरी नद्यांच्या काठच्या रानाला ती मोलाची आहे.

आष्टीतली पहिली भिंत

या सगळ्या तंत्रात मॅग्नेशियाच्या हलक्या भिंतीला सर्वांत योग्य जागा कोणती, याचे उत्तर आष्टीत फिरताना आपोआप मिळते. ती जागा आहे पत्र्याच्या शेडच्या आतली. पत्रा पाऊस अडवतो, म्हणजे मॅग्नेशियाचा मोठा शत्रू बाहेरच राहतो. पत्र्यापासून बोटभर मोकळी जागा सोडून आत पऱ्हाटीची चार इंच जाडीची भिंत उभी केली, तर तापलेल्या पत्र्याची झळ माणसापर्यंत पोचत नाही आणि मधली हवा वरच्या फटीतून निघून जाते. पत्र्याखाली याच मिश्रणाच्या पाट्यांचे छत दिले की घराचा सर्वांत तापणारा भाग झाकला जातो. घर तेच राहते, पाया तोच राहतो आणि खर्च होतो तो फक्त आतल्या अस्तराचा.

दुसरी जागा तालुक्याबाहेर, साखर कारखान्यांच्या फडांवर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतून हजारो कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पाच-सहा महिने ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोप्यांमध्ये राहतात. बांबूच्या कमानी, त्यावर पाचट, चटई किंवा ताडपत्री, एवढीच ती कोपी. थंडी, साप आणि आग, तिन्हींपासून तिला संरक्षण नाही. चार फूट बाय दोन फूट आणि दोन इंच जाडीची काडी-मॅग्नेशियाची पाटी सुमारे सोळा किलोंची होते. एक माणूस ती उचलतो. बांबूच्या चौकटीत अशा पाट्या बसवल्या तर फड संपल्यावर त्या उतरवून ठेवता येतील आणि पुढच्या हंगामात पुन्हा उभ्या करता येतील. ज्या आवारात चिपाडाचे डोंगर उभे असतात, तिथेच तो माल तयार करता येईल. ऊसतोड मजुराच्या डोक्यावर थोडे बरे छप्पर यावे, यासाठी कारखान्यांनी आणि शासनाने ज्या गोष्टी हाती घ्यायला हव्यात, त्यांत ही स्वस्तातली एक आहे.

यातले काहीही मोठ्या प्रमाणावर करण्याआधी एक खोली पुरे. त्या खोलीचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकात बसते. जानेवारीत पऱ्हाटी उपटायची, उरलेली बोंडे वेचून नष्ट करायची आणि कुट्टी करून पंधरा दिवस उन्हात वाळवायची, म्हणजे बोंडअळीचाही बंदोबस्त होतो. फेब्रुवारीत अर्धे ठोकळे क्लोराईडच्या आणि अर्धे सल्फेटच्या बांधणीत घडवायचे. मार्चमध्ये एका पत्र्याच्या शेडच्या अर्ध्या भागात ती भिंत उभी करायची आणि उरलेला अर्धा भाग आहे तसा ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे भर दुपारचे आणि पहाटेचे तापमान नोंदवायचे. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ठरावीक ठोकळ्यांचे वजन करायचे, पृष्ठभागावर ओल दिसते का ते पाहायचे आणि मुद्दाम ठोकून ठेवलेल्या खिळ्यांचा गंज तपासायचा. जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या प्रकल्पात हे सगळे मावते. पुढच्या वेचणीपर्यंत आकडे हाती आले, तर क्लोराईड की सल्फेट हा निर्णय आष्टीच्या हवेवरून घेता येईल, भिंतीची जाडी गवंड्याला सांगता येईल आणि आज पेटवून दिल्या जाणाऱ्या पऱ्हाटीला टनामागे किती भाव देणे परवडेल, हेही शेतकऱ्याला कळेल.